विरघळलेलं डोकं

कल्पना करा, तुमच्या दोन्ही हातांत एक डोकं आहे. दचकू नका, मातीचं आहे. नारळाहून थोडं मोठं, आतून पोकळ, मानेखाली तुटलेलं. डोळे त्रिकोणी, आणि बुबुळांच्या जागी आरपार भोकं. एका भोकातून करंगळी आत घाला पाहू. थंड लागलं? आता अंगठा गालावरून हळूच फिरवा. जाड्या रव्यासारखं खरखरीत लागतं ना? हे डोकं ज्या हातांनी घडवलं, ते हात जाऊन दोन हजार वर्षांहून जास्त काळ लोटला. ते हात होते आफ्रिकेच्या पश्चिम भागात, आज ज्याला नायजेरिया म्हणतात तिथे. तिथल्या नोक नावाच्या गावाजवळ अशी डोकी पहिल्यांदा सापडली, म्हणून त्यांना नोकची शिल्पं म्हणतात.

नीट धरलंत? मग आता तुमचे हात रिकामे झाले, अशी कल्पना करा. आपली गोष्ट तिथून सुरू होते.

२०१७ सालच्या मार्चमधली एक दुपार. सिंगापूरमधल्या एका वर्कशॉपमध्ये मेधा जुनी चिनी मातीची फुलदाणी जोडत बसली होती. फुटक्या जुन्या वस्तू सांधायच्या, त्या खऱ्या की खोट्या ते सांगायचं, हा तिचा धंदा. फोन वाजला.

“मेधाआत्या, तू आत्ता येशील? प्लीज लाह.”

मामेमावस नात्यांच्या गर्दीत मेधाची एक लाडकी भाची होती, अकरा वर्षांची इरा, वाक्याच्या शेवटी सिंगापुरी ‘लाह’ लावणारी. मेधाच्या मावसभावाची, निशिकांतची मुलगी.

“काय झालं गं?”

“बाबा आजीला पुण्याला पाठवतोय. होममध्ये. तिकीटसुद्धा काढलं.”

“शैलामावशीला? वृद्धाश्रमात? का?”

इराचा आवाज बारीक झाला. “मी प्रॉमिस केलं होतं, कुणाला सांगणार नाही. आजोबांचं ते नोकचं डोकं होतं ना, ते आजीने गणपतीत बुडवलं. बादलीत, बाप्पाबरोबर. ते विरघळलं.”

“काय झालं म्हणालीस?”

“विरघळलं. सगळी माती लाल झाली होती. मी पाहिली.”

मेधाच्या समोरच्या टबात एक जुनी मातीची थाळी डाग सुटावेत म्हणून आठवडाभर पाण्यात पडून होती. तिने त्या थाळीकडे पाहिलं आणि हातातला ब्रश खाली ठेवला.

“आलेच.”

मरीन परेडच्या एका कॉन्डोत, म्हणजे बंदिस्त सोसायटीत, निशिकांतच्या फ्लॅटवर शैलामावशी सोफ्याच्या अगदी कडेला बसली होती, परक्याच्या घरी बसावं तशी. मेधाला पाहून ती उठली. “चिवडा देते. डबा तेवढा तू काढ गं वरचा. हा खांदा धरल्यापासून हात काही डोक्याच्या वर जात नाही. दीड वर्ष झालं.”

चिवडा तसाच राहिला. मेधाने तिला जवळ बसवलं.

“मावशी, गणपतीत काय झालं, तू सांग.”

“मला आठवत नाही.” मावशी पदराचं टोक पिळत राहिली. “निशी म्हणतो मीच बुडवलं. भंगलेली मूर्ती घरात ठेवू नये, असं मी म्हणत होते म्हणे. आता भंगलेली मूर्ती आपण ठेवत नाही, हे खरं. पण ह्यांचं ते डोकं म्हणजे का देव होता? ते खाणीत होते ना नायजेरियात, कथलाच्या, तेव्हा सापडलेलं. जाताना म्हणाले, शैला, आणायला नको होतं मी, परत कर. मी तिथल्या म्युझियमला कळवलंही होतं. दसऱ्यानंतर त्यांची माणसं येणार होती न्यायला.”

“मग?”

“मग काय, निशीने कळवलं, चुकून नष्ट झालं म्हणून.” ती थांबली. “मेधा, मी रोज सकाळी पाढे म्हणून बघते. काल एकोणतीसचा अडखळला. चष्मा हरवतो माझा. कुठे कुठे सापडतो. परवा त्या सगळ्यात वरच्या कपाटात निघाला, तांदळाच्या पिशवीमागे. असं करणाऱ्या बाईला कोण घरात ठेवेल?”

मेधाने त्या कपाटाकडे एकदा पाहिलं. चिवड्याच्या डब्याच्याही वरचं कपाट.

“आणि पुण्याला जायचं आत्ताच का ठरलं?”

उत्तर इराने दिलं. “प्रबोधकाकाकडे गेलो होतो ना सॅटरडेला. त्याने नवीन हेड आणलंय, सेम नोकचं. सगळे बघत होते. आजीने हात लावला आणि म्हणाली, हा कान आमचा आहे. सगळे हसले. घरी येऊन बाबा म्हणाला, आता एनफ.”

“तूही हसलीस?”

इरा खाली पाहू लागली. “थोडीशी.”

निशिकांत बँकेतून लवकर आला. मेधाला पाहून त्याच्या कपाळावर आठी पडली, पण लगेच पुसलीही गेली.

“तुला कळलं म्हणजे एकंदर. मी मुद्दाम दडवलं होतं. आईची लाज नको, म्हणून.”

“निशीदादा, विसर्जन करताना तू घरात होतास?”

“आरतीला होतो. प्रबोधही होता. सुलेखा इराला माझ्याकडे ठेवून पुण्याला गेलेली, तिच्या आईचं ऑपरेशन होतं. सगळे गेल्यावर आईने बादलीत गणपती सोडला. सकाळी बघतो तर बादलीत लाल चिखल आणि शोकेस रिकामी.”

“चिखलाचं काय केलंस?”

“नेहमीचंच. तुळशीच्या कुंडीत. समुद्रात काही टाकायची सोय आहे का इथे?”

“फोटो आहेत डोक्याचे?”

“जुन्या फोनवर होते. तो फोन गेला.”

“आणि स्टोअररूमला कुलूप का रे?”

तिथल्या बहुतेक घरांत असते तशी ती जाड भिंतींची खोली होती. युद्ध झालं तर लपायला म्हणून बांधलेली, लोखंडी दाराची, आणि एरवी अडगळ ठेवायला वापरायची.

“आई काहीही कुठेही ठेवते म्हणून. किल्ली माझ्याकडेच असते, गणपतीच्या आधीपासून. बघायचंय? बघ खुशाल.”

खोली लख्ख होती. बॅगा, पंखा, रांगोळीचे डबे, तुळशीवृंदावनाला लावायच्या गेरूची जवळजवळ रिकामी पुडी. मेधाने दार अर्धवट लोटलं. दाराच्या कडेने रबराची जाड पट्टी होती. तिच्या खाचेतून मेधाने नखाने काहीतरी उकरलं आणि रुमालात घेतलं. मग ती बाल्कनीत गेली, तुळशीच्या कुंडीतली खालची लालसर माती चिमटीत धरून चोळली. पिठासारखी मऊ. बोटं कुंकवात बुडवल्यासारखी लाल झाली.

“इरा,” ती हळूच म्हणाली, “त्या डोक्याचं तुझ्याकडे काहीच नाही? चित्र, प्रोजेक्ट?”

इराने विचार केला. “एक क्राउन आहे. खराब झालेला.”

ती खोलीतून शाडूचा एक वाळलेला चपटा तुकडा घेऊन आली. आजीबरोबर शाडूचा गणपती करताना तिला बाप्पाच्या मुकुटावर नक्षी हवी होती, म्हणून तिने ओली माती त्या डोक्याच्या कानामागे दाबून ठसा घेतला होता. आजी रागावली, म्हणून तो मुकुट बाप्पाला बसवलाच नाही. ठशावर बारीक टिंबांची ओळ होती. मध्येच एका ठिकाणी दोन टिंबं एकमेकांवर चढली होती. दोन हजार वर्षांपूर्वी कुणाचा तरी हात तिथे किंचित घसरला होता.

मेधाने तो तुकडा कागदात जपून गुंडाळला आणि बरोबर घेतला.

प्रबोध त्याच कॉन्डोच्या पलीकडच्या इमारतीत राहायचा. निशिकांतचा कॉलेजपासूनचा मित्र, जुन्या वस्तूंचा वेडा. निशिकांतच्या वडिलांच्या, हेमचंद्रांच्या, हयातीत त्याने ते डोकं कितीदा तरी मागितलं होतं आणि त्यांनी दर वेळी नाही म्हटलं होतं. मेधाचा पहिला संशय त्याच्यावरच होता.

“कुठून घेतलंत हे?” तिने विचारलं.

“एका डीलरकडून. हाँगकाँगचा आहे.”

“त्याची ओळख कशी झाली?”

“एका मित्राने करून दिली. नाव सांगणार नाही असा शब्द दिलाय.” प्रबोधची छाती फुगली. “लॅबचा दाखला आहे, मेधा. दोन ठिकाणची माती तपासलीये. शेवटचं भाजल्याला दोन हजारांहून जास्त वर्षं झाली, असा आकडा आहे. यंत्र खोटं बोलतं का?”

“यंत्र नाही बोलत. कुठली दोन ठिकाणं?”

“नेहमीचीच, न दिसणारी. हनुवटीखाली आणि कानामागे.”

मेधाने टॉर्च लावला. डोळ्यांतल्या भोकात काडी घातली. काडी नखभर जाऊन थांबली. ओला कापूस गालावरच्या वाळलेल्या मातीवर धरला. माती सुटली नाही. कापूस वासाला कसातरीच लागला. मग तिने डोकं उलटं करून आत हात घातला, आणि हात बाहेर काढून बोटांकडे पाहिलं. स्वच्छ होती.

“एक दिवसासाठी द्याल? एक्स-रे काढायचाय. वयाची चाचणी झालेली आहे म्हणून चालेल, नाहीतर एक्स-रेने ती बिघडते.”

“काढ की! माझं काय जातंय?”

आंग मो किओच्या इंडस्ट्रिअल पार्कमधल्या एका कंपनीत मेधाचा मित्र रुचिर काम करायचा. चिपच्या आतली तार तुटली का, ते तिथे एक्स-रेवर पाहतात. साहेबाची परवानगी घेऊन रुचिरने ते डोकं यंत्रात ठेवलं.

“बापरे, आज पेशंट कोण आणलास?” तो हसत म्हणाला. स्क्रीनवर चित्र उमटलं आणि त्याचं हसू गेलं. “मेधा, हे काय आहे?”

सगळं डोकं एकसारखं करडं, गुळगुळीत. फक्त दोन ठिकाणी, हनुवटीखाली आणि कानामागे, ठिगळ लावावं तसे दोन तुकडे. त्यांच्यात दाणे दाण्यांना खेटून. कडा करवतीने कापाव्यात तशा सरळ.

मेधाने स्क्रीनवरच्या त्या सरळ कडांवरून बोट फिरवलं.

“काय आहे ते?” रुचिरने पुन्हा विचारलं.

“खून,” मेधा म्हणाली.

रविवारी सकाळी सगळे निशिकांतच्या हॉलमध्ये जमले. प्रबोध, निशिकांत, शैलामावशी आणि इरा. मुलीला आत पाठव, असं निशिकांत दोनदा म्हणाला. मेधा म्हणाली, “तिच्यामुळे मी आले. ती इथेच बसेल.”

मेधाने एका भांड्यात पाणी घेतलं. कुंडीचा एक फुटका खापराचा तुकडा आणि शाडूचा गोळा, दोन्ही त्यात टाकले.

“इरा, काय होईल?”

“शाडू विरघळेल.”

“आणि खापर?”

इरा बोलता बोलता थांबली. तिचं तोंड उघडंच राहिलं. “खापर नाही विरघळणार. कुंडीला रोज पाणी घालतो आपण.”

“बरोबर. कच्ची माती पाण्यात जाते, भाजलेली जात नाही. नोकचं डोकं भाजलेलं होतं. ते दोन हजार वर्षं ओल्या जमिनीत पडून होतं, पावसात, चिखलात. तिथे टिकलं आणि तुमच्या बादलीत एका रात्रीत विरघळलं? पण दर वर्षी आपण बादलीत मूर्ती विरघळताना बघतो. माती म्हटली की ती विरघळणारच, हे आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की इथे कुणालाच शंका आली नाही. मावशीलासुद्धा नाही.”

“मग ती लाल माती?” प्रबोधने विचारलं.

“गेरू. कुंडीतली माती मी चोळली. मऊ होती, तिच्यात एकही दाणा नव्हता. गेरूची पुडी स्टोअरमध्ये, स्टोअरला कुलूप. ते राहू दे. आधी तुमचं डोकं पाहू.”

तिने ते टेबलावर ठेवलं.

“इरा, खऱ्या डोक्याच्या डोळ्यांची भोकं कशी होती?”

“आरपार. मी बोट घालायचे.”

“ती शोभेची नसतात. एवढी जाड मूर्ती भट्टीत घातली की आतली हवा आणि वाफ बाहेर पडायला वाट लागते, नाहीतर ती तडकते. ज्याने हे बनवलं, त्याने भोकं नुसती फोटोत पाहिली होती, म्हणून अर्धवट कोरली. पुढे. जमिनीत पुरलेल्या वस्तूला माती आतूनही लागते, मुळं शिरतात. ह्याच्या आत काही नाही. बाहेरची माती डिंकाने चिकटवलीये, पाण्याने सुटत नाही. आणि झीज? नाक, भुवया, वर आलेले भाग आधी झिजतात. हे सगळीकडून सारखं घासलंय, भांडं घासावं तसं.”

प्रबोधचा चेहरा पडला. “पण लॅब?”

“लॅबने खरंच सांगितलं. तिने तपासले ते दोन तुकडे अस्सल आहेत. हात लावा.”

प्रबोधने कानामागे बोट फिरवलं.

“कसं लागतं?”

“खरखरीत. रव्यासारखं.”

“आणि गालावर?”

“मऊ.” त्याने हात मागे घेतला.

मेधाने इराचा शाडूचा ठसा त्या कानामागे धरला. “वाळताना माती थोडी आकसते, त्यामुळे माप तंतोतंत बसणार नाही. पण टिंबं मोजा. आणि ही दोन, एकमेकांवर चढलेली.”

टिंबासमोर टिंब होतं. घसरलेल्या हातासमोर घसरलेला हात.

“मावशी म्हणाली, हा कान आमचा आहे. त्या दिवशी त्या खोलीत शुद्धीवर एकच माणूस होतं. तीच.”

प्रबोध हळूच म्हणाला, “मीही हसलो होतो, काकू. सगळ्यात मोठ्याने.”

“एक खरं डोकं करवतीने कापायचं,” मेधा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण प्रत्येक शब्द तोंडातली घाण थुंकावी तसा येत होता. “त्याचे तुकडे नव्या खोट्या डोक्यांत बसवायचे, नेमके लॅब जिथे भोक पाडते तिथे. म्हणजे प्रत्येक खोट्याला दाखला खरा मिळतो. चोरी केली असती तर वस्तू निदान जगली असती. हे म्हणजे जिवंत गाय कापून तिची शिंगं दगडांना लावायची. कुठे कापलं, तेही सांगते.” तिने रुमाल उघडला. आत चिमूटभर लाल भुगा होता, दाणेदार, मध्येमध्ये अभ्रक चमकणारा. “स्टोअरच्या दाराच्या रबरातून काढला. जाड भिंती, आवाज बाहेर जात नाही. फरशी पुसली गेली. खाच राहिली.”

सगळ्यांच्या नजरा फिरल्या. किल्ली कुणाकडे असते, हे सगळ्यांना माहीत होतं.

“आईपण जायची त्या खोलीत,” निशिकांत म्हणाला.

“गणपतीच्या आधीपासून किल्ली तुझ्याकडे आहे, तूच सांगितलंस. आणि ठसा घेतला तेव्हा डोकं अखंड होतं, म्हणजे गणपतीच्या आठवड्यातच कापलं. सुलेखावहिनी पुण्यात होती. प्रबोध फक्त आरतीला आले.” ती प्रबोधकडे वळली. “डीलरची ओळख करून देणारा मित्र कोण?”

प्रबोधने निशिकांतकडे पाहिलं. वाट पाहिली. मग म्हणाला, “तूच नंबर दिलास ना मला? म्हणालास, बाबांचं गेलं, निदान तुझ्याकडे तरी एक असू दे. माझ्या गळ्यात पडून रडला होतास, निशी.”

“मावशीचा चष्मा वरच्या कपाटात,” मेधा थांबली नाही. “जिचा हात डोक्यावर जात नाही, तिने तो तिथे ठेवला कसा? ती विसरत नव्हती. तिला विसराळू करण्यात येत होतं. रोज थोडं थोडं. म्हणजे ती काही बोललीच, तर लोक हसावेत. आणि ती बोललीच.”

निशिकांतने ओठांवरून जीभ फिरवली. “इथे राहायला काय लागतं, तुला ठाऊक आहे? इराच्या पुढच्या शिक्षणासाठी विकले मी त्या डीलरला तुकडे. आणि त्या नायजेरियावाल्यांना देऊन काय मिळणार होतं? एक मातीचं डोकं! तिथल्या होममध्ये आईची सोय चांगली आहे. एसी रूम आहे. तिला काय कळणार आहे त्यातलं?”

मेधाला वाटलं, हे ऐकलेले कान आता साबणाने धुवावेत. तिने त्याच्याकडे पाहणंच सोडलं.

“आज दुपारी मी पोलिसांना सांगणार आहे, आणि नायजेरियाच्या म्युझियमलाही. बाकीचे तुकडे कुठल्या कुठल्या डोक्यांत बसवलेत, ते त्यांना सांग.”

प्रबोधने आपलं विकतचं डोकं उचललं नाही. तो खिडकीपाशी जाऊन पाठमोरा उभा राहिला.

शैलामावशी एवढा वेळ एकाकडून दुसऱ्याकडे पाहत होती. एक्स-रे, लॅब, दाणे, अभ्रक, सगळं तिच्या डोक्यावरून गेलं होतं. आता तिने फार हळू, कुणाला त्रास नको अशा आवाजात विचारलं, “म्हणजे... मी नाही ना केलं ते?”

“इरा, इकडे ये,” निशिकांत म्हणाला. “बाबाकडे ये.”

इरा उठली. त्याच्यासमोरून गेली, आणि आजीच्या शेजारी सोफ्यावर टेकली. आजीचा दुखरा हात तिने सावकाश आपल्या मांडीवर घेतला.

“नाही आजी. तू काहीच नाही केलंस. मी सांगते, ऐक.”

आणि तिने सगळं पहिल्यापासून सांगायला घेतलं. मराठीत, अडखळत, शब्द शोधत, आजीला एकेक गोष्ट कळेपर्यंत थांबत. जिथे जिथे बाबाचं नाव यायचं, तिथे ती त्याच्याकडे बघायची, आणि नाव घ्यायची.